जोडविषयाचा जोडा

अमीबाला आकार नसतो. पुस्तकात पहिल्याच धड्यात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं, सरांनी वर्गात दोनदा सांगितलं होतं आणि मागच्या बाकावर झोपलेल्यांनाही ते कळलं होतं. तरी माझा अमीबा चुकला. ज्या जिवाला आपण पुढच्या घटकेला कसे दिसणार आहोत हे स्वतःलाच ठाऊक नसतं, त्याची आकृती मी चुकवून दाखवली. चुकीच्या आकृतीभोवती सर लाल शाईने गोल करत. माझ्या वहीत त्यांना ते करता आलं नाही, कारण गोल मी आधीच केला होता. आमटीची वाटी पालथी घालून.

"हा काय लाडू आहे?" सरांनी विचारलं आणि तेच शब्द शेजारी लिहूनही ठेवले.

गोष्ट १९८८ सालची. कराडच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. मुख्य विषय केमिस्ट्री. बाकीचे विषय म्हणजे नवरदेवाबरोबर आलेलं वऱ्हाड. त्यांना जेवू घालायचं, पानसुपारी द्यायची आणि वाटेला लावायचं, असा माझा हिशेब होता. केमिस्ट्रीच्या जोडीला गणित-फिजिक्स घ्यायचं की बॉटनी-झूऑलॉजी, एवढाच प्रश्न होता. बारावीला गणितात मला किती मार्क पडले तो आकडा आमच्या घरात आजही कोणी मोठ्याने उच्चारत नाही. शिवाय गल्लीतल्या एका अनुभवी माणसाने सांगितलं, "बायो म्हणजे काय रे, नुसतं पाठांतर. गोष्टीसारखं वाचायचं नि पेपरात ओकायचं." हा माणूस स्वतः कॉमर्सचा होता, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

गोष्टीसारखं वाचायचं हे खरं निघालं. पण त्या गोष्टीतली चित्रं आपणच काढायची असतात, हे कोणी बोललं नव्हतं. आणि मी चौथीत आईचं चित्र काढलं होतं, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती.

बायो मुख्य घेतलेली पोरं आम्हाला 'सबसिडिअरीवाले' म्हणत. त्या शब्दात साधारण सावत्र, भाडेकरू आणि फुकट्या या तिन्हींचा अर्थ एकवटलेला असे. प्रयोगशाळेतलं शेवटचं, मोरीजवळचं टेबल आमचं. चिमटे आमच्याकडे यायचे ते पाय फाकलेले. बेडूकदेखील सकाळच्या बॅचने उघडून, नीट पाहून, मग आमच्याकडे सरकवलेला असायचा. बायो घेतलेल्या प्रत्येकाकडे बेडूक पळाल्याची एक गोष्ट असतेच. माझ्याकडे नाही. माझा बेडूक मेणाच्या ट्रेमध्ये चार टाचण्यांवर निमूट पडून होता. पळालो तो मी. पुढे २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने झूऑलॉजीच्या प्रात्यक्षिकांतली ही चिरफाड थांबवायला सांगितली, तेव्हा बेडकांच्या खालोखाल आनंद मला झाला. फक्त सव्वीस वर्षं उशीर झाला होता.

तर आकृत्या. त्यांचे नियम गृह्यसूत्रांइतके कडक होते. पेन्सिल एच.बी.च. छाया द्यायची नाही, हवे तर ठिपके द्यायचे. नावं सगळी उजव्या हाताला, एकाखाली एक. रेघांनी एकमेकींना छेद द्यायचा नाही. मी काढलेल्या गांडुळाच्या पचनसंस्थेत रेघा इतक्या वेळा एकमेकींना भेटल्या होत्या, की ते मिरज जंक्शन वाटत होतं. शेवटी मी एक व्यवहारी निर्णय घेतला. बसस्टँडमागे एक पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं करायचा. त्याला मी पुस्तक आणि जर्नल दिलं आणि जास्वंदीच्या उभ्या छेदापासून पुढच्या सहा आकृत्या काढून मागितल्या.

माणूस कामाला सच्चा. त्याने साधी पेन्सिल हातात धरली असती तर शपथ. चांगला डिंक घालून रंग कालवला आणि जास्वंद अशी रंगवली, की पाकळीवर दवाचा थेंब दिसावा. त्या थेंबात खिडकीचं प्रतिबिंबही होतं. पुंकेसरांच्या नळीला त्याने सोनेरी कड दिली. नावं ठसठशीत अक्षरांत लिहून अक्षरांना मागून काळी सावली दिली, आणि उजव्या कोपऱ्यात स्वतःची सही ठोकून खाली लिहिलं, 'आमचे येथे सर्व प्रकारचे बोर्ड करून मिळतील.'

सरांनी ते पान बराच वेळ न्याहाळलं. मग एकच ओळ लिहिली: 'आकृती उत्तम. आपली नाही.' आयुष्यात माझ्याविषयी लेखी स्वरूपात इतकं खरं कोणीच म्हटलेलं नाही.

दुसऱ्या सहामाहीत झुरळ आलं. "उद्या प्रत्येकाने दोन-दोन झुरळं आणा," असं सर म्हणाले आणि मी निश्चिंत झालो. आजवर या विषयात मागितलेली ही पहिलीच वस्तू, जी आमच्या घरी होती.

"झुरळं? आपल्या घरात?" आईने हातातली पळी खाली ठेवली. "कोण म्हणालं?"

"अगं, काल रात्रीच तू माठामागे एक मारलंस ना?"

"ते बाहेरून आलेलं."

"सगळ्यांनाच आणायला सांगितलंय."

"सगळ्यांच्या घरी असतील. तू इथलं नेलंस तर सर काय म्हणतील? हिच्या घरात झुरळं. काही नको. त्यांना सांग, आमच्याकडे नाहीत."

मी तिला समजावलं, की यात लाजण्यासारखं काही नाही, याचं शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना आहे. आई म्हणाली, अमेरिकेतलं असेल तर अमेरिकेत राहावं की, कराडला कशाला यायचं? हे झुरळ मुळात अमेरिकेचं नव्हेच. ते आफ्रिकेतून जहाजांत बसून जगभर गेलं असं मानतात. पण हे सांगायची सोय नव्हती, कारण तोवर तिने बोरिक पावडर घालून कणकेच्या गोळ्या वळायला घेतल्या होत्या. त्या रात्री आमच्या मोरीत जी काही झुरळं होती, ती शास्त्राच्या कामी येण्याऐवजी अब्रूच्या कामी आली.

सकाळी मी स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात गेलो. गल्ल्यावरच्या शेठजींना हळूच विचारलं, "शेठ, दोन झुरळं मिळतील का?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आजूबाजूला बघून ते खालच्या आवाजात म्हणाले, "कपात निघालं का? बसा, बसा, ओरडू नका." मी काही बोलायच्या आत समोर नवा चहा आला, त्यामागून कांदाभज्यांची प्लेट. पैसे घेतले नाहीत. मी खरं सांगायला हवं होतं. भजी गरम होती. त्या दिवशी मी पोट भरून, पण झुरळांवाचून, कॉलेजात पोचलो.

शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी तारलं. मामा म्हणजे तिथले शिपाई. पण झूऑलॉजीतलं त्यांना जितकं कळे, तितकं अर्ध्या स्टाफला कळत नसावं. त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माल तयार असे. आठ आण्याला एक.

"नर पाहिजे का मादी?"

"ओळखायचं कसं, मामा?"

मामांनी एक झुरळ उलटं धरलं. "मागं बघा. चार काड्या दिसल्या तर नर. दोनच दिसल्या तर मादी. दोन बारीक काड्या नरालाच असतात." पुस्तकात याला अर्धं पान खर्ची घातलं होतं. मामांनी तीन वाक्यांत उरकलं आणि वर सुट्टे पैसे मागितले.

हर्बेरियमबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. पंचवीस वनस्पती वर्षभरात गोळा करून, रद्दीत दाबून, वाळवून चिकटवायच्या होत्या. मी त्या एका रविवारी दुपारी, ओगलेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने चालत गोळा केल्या आणि आजीच्या गादीखाली दाबल्या. आजी आठवडाभर शिंकत होती. सरांनी पानं उलटून सांगितलं, की पंचवीसपैकी अकरा पानांवर एकच वनस्पती आहे. फक्त कुठे कोवळी, कुठे फुललेली, कुठे जून. गाजर गवत, म्हणजेच पार्थेनियम, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात. १९५०च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याने अंगाला खाज सुटते, शिंका येतात. मी त्याला अकरा वेगवेगळी लॅटिन नावं दिली होती. बाराव्या पानावर कोथिंबीर होती. तिचं नाव मात्र बरोबर होतं.

या सगळ्यात मला मनापासून कळलेली एकच गोष्ट होती, आणि तिनेच माझा घात केला.

रक्तगटांचा धडा. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये माणसाचे रक्तगट उजेडात आणले, त्याबद्दल त्याला १९३० मध्ये नोबेल मिळालं. ए, बी, ओ हे आईबापांकडून कसे येतात ते सरांनी फळ्यावर चौकोन आखून दाखवलं. आईबाप दोघेही ओ असतील तर मूल ओच होणार, दुसरं काही होऊच शकत नाही. मला हे इतकं पटलं की मी घरी येताना तोंडाने तेच म्हणत होतो. पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक. काचपट्टीवर आपल्या रक्ताचे तीन थेंब घ्यायचे. पहिल्यावर निळं अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी, तिसऱ्यावर पाण्यासारखं अँटी-डी. मग काडीने ढवळायचं. ज्या थेंबात दूध नासल्यासारखे कण धरतात, तो तुमचा गट.

बोटाला सुई टोचली तेव्हा मी स्टुलावर होतो. डोळे उघडले तेव्हा फरशीवर होतो आणि मामा कांदा हुंगवत होते. पण काम अर्धवट टाकलं नाही. उठलो, थेंब घेतले, ढवळले. तिन्ही थेंबांत कण धरले. एबी पॉझिटिव्ह! वर्गात एबी फार थोडे असतात. बायो मुख्यवाल्या दोघींनी माझी काचपट्टी मागून पाहिली. त्या संध्याकाळी मी फार रुबाबात घरी आलो.

जेवताना विचारलं, "अण्णा, तुमचा रक्तगट कोणता हो?"

"ओ पॉझिटिव्ह," अण्णा म्हणाले. ते दर २६ जानेवारीला रक्तदान करत. कार्ड खिशातच असे.

"आणि आई, तुझा?"

"ओच. तुझ्या वेळी दवाखान्यात तपासला होता. भात घालू?"

मी भात घेतला नाही. समोर फळ्यावरचा चौकोन दिसत होता, आणि त्या चौकोनात मला जागा नव्हती. उठून आरशात पाहिलं. नाक अण्णांचं, कान आईच्या माहेरचे. पण नाक-कान काय, कोणाचेही कोणासारखे असतात. माझ्याजवळ शास्त्र होतं.

आत्या सुट्टीला आलेली होती. तिला मी सहज म्हणून विचारलं, मी झालो तेव्हा दवाखान्यात आणखी कोणी होतं का? आत्याची स्मरणशक्ती अशा बाबतीत दांडगी. "होतं की. पेठेतल्या सराफांची सून शेजारच्याच खाटेवर होती. तिलाही मुलगाच झाला, त्याच पहाटे. नर्सबाई तर नुसती गडबडीत."

तर मग तसं होतं! दोन रात्री मला झोप नव्हती. पण खरं सांगायचं तर ती सगळी दुःखाने गेलेली झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सराफांच्या पेढीसमोर उभा राहिलो. गादीवर ते बसले होते, पांढरी टोपी, बोटांत तीन अंगठ्या. मी त्यांच्याकडे असा काही पाहत राहिलो की त्यांनी विचारलं, "काय पाहिजे?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज."

"सहज उभं राहायचं तर पलीकडे उभा राहा. गिऱ्हाईक अडतंय."

या वाक्यात मला रक्ताची ओढ जाणवली.

तिसऱ्या दिवशी मी सरांना एकांतात गाठून सगळं सांगितलं. घराण्याचं नाव घेतलं नाही. सरांनी दुसरी काचपट्टी काढली, स्वतः थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबाला वेगळी काडी घेतली. वेगळी काडी! ए तसाच राहिला, बी तसाच राहिला, फक्त डीमध्ये कण धरले. ओ पॉझिटिव्ह. "तू एकाच काडीने ढवळलंस ना? आणि सुरुवात कुठून केलीस?"

डीपासून, मी म्हणालो. रंग नसलेलं आधी उरकावं म्हणून.

सरांनी चष्मा काढून पुसला. काडीला लागून आलेलं डीचं औषध मी बाकीच्या दोन थेंबांत घातलं होतं. रक्त पॉझिटिव्ह असल्यामुळे तिथेही कण धरले. डावीकडून सुरुवात केली असती, तर एकाच काडीनेही मी ओच निघालो असतो. त्या संध्याकाळी मी पुन्हा अण्णांचा झालो. ते ओट्यावर बसून सायकलचं पंक्चर काढत होते. पंप मारायला मला बोलावलं.

वार्षिक प्रात्यक्षिकाला बाहेरच्या कॉलेजातले परीक्षक आले. सुरुवातीला स्पॉटिंग. ओळीने दहा बरण्या आणि काचपट्ट्या मांडलेल्या. घंटा वाजली की पुढच्या स्पॉटवर सरकायचं. दहापैकी चार मी ओळखले. उरलेल्या सहांनी मला ओळखलं असणार.

मग झुरळाच्या लाळग्रंथींचं माउंट. झुरळाचं डोकं हलक्या हाताने ओढून या ग्रंथी सोडवायच्या, द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात, त्या काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये पसरायच्या. माझं डोकं आलं, ग्रंथी आल्या नाहीत. पंधरा मिनिटं मी त्या ट्रेमधल्या पाण्यात काहीतरी पांढरं, तंतूसारखं शोधत होतो आणि ते सापडलं. त्याला ग्लिसरीन दिलं, वर कव्हरस्लिप ठेवली आणि घामेजल्या हाताने सूक्ष्मदर्शकाखाली लावलं.

परीक्षक वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत. एकदा त्यांनी आरसा फिरवून उजेड जुळवला, पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे?"

"लाळग्रंथी, सर."

"कोणाच्या?"

"झुरळाच्या."

त्यांनी चिमट्याने कव्हरस्लिप उचलली, तो तंतू उजेडात धरला आणि मग माझ्या खांद्यावरच्या पंच्याकडे पाहिलं. पंच्याची एक दशी लोंबत होती.

"झुरळ सुती होतं का?"

मामा मोरीजवळ उभे होते. त्यांनी तोंडावर फडकं धरलं. परीक्षकांनी गुणपत्रिका पुढे ओढली, पेन उघडलं आणि थांबले. "मुख्य विषय कोणता?"

"केमिस्ट्री, सर."

"अच्छा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा, आजारी माणसाला भेटायला आलेल्याचा होतो, तसा मऊ झाला. "मग राहू दे." मला पास होण्यापुरते मार्क मिळाले, वर एकही नाही. सुती झुरळाला ते जास्तच होते.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत ते जर्नल सापडलं. कसर लागली होती. पण कसरीलाही निवड असते. पेंटरच्या सहाही आकृत्या तिने डिंकासकट फस्त केल्या होत्या. जास्वंदीच्या जागी एवढी मोठी खिडकी, आणि खिडकीच्या कडेला सावली दिलेली नावं एकाखाली एक, कोणाचीच नसलेली. माझ्या आकृत्यांना मात्र तिने तोंड लावलेलं नव्हतं. गांडुळाचं मिरज जंक्शन शाबूत. पहिल्या पानावर वाटीचा अमीबा, शेजारी लाल शाईत लाडू.

तेवढ्यात शिवणीतून एक कसर सळकन बाहेर आली आणि नेमकी त्या गोलाच्या काठावर येऊन थांबली. रुपेरी अंग. सहा पाय. पंख नाहीत. मागे तीन शेपट्या. "लेपिस्मा!" मी ओरडलो. "वर्ग कीटक!" आयुष्यातला पहिला स्पॉट मला घंटा वाजायच्या आत आला होता, आणि घंटा वाजवायला कोणीही नव्हतं.

"अहो, बोलत काय बसलात? बाजूला व्हा," बायको म्हणाली आणि तिने पायातली चप्पल काढून पानावर हाणली.

चप्पल उचलली तेव्हा लेपिस्मा राहिला नव्हता. वाटीच्या गोलाला मात्र एका बाजूने छान पाय फुटला होता.